पिनांग नावाची सवत

मुलगा अगदी निर्व्यसनी आहे, असं माझ्या लग्नाच्या बोलणीत मध्यस्थांनी सांगितलं होतं. विडी नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. डॉक्टर आहे, आणि मलायातल्या पिनांग नावाच्या बेटावर सरकारी इस्पितळात काही वर्षं नोकरी करून आलाय. आईने हळूच विचारलं, "तिकडे कोणी बाईबिई नव्हती ना?" मध्यस्थ म्हणाले, "छे हो! सगळा वेळ रस्त्यावर खाण्यात गेला म्हणे त्याचा." आम्ही सगळे हसलो. मी तर जरा जास्तच हसले. बाई असती तर परवडली असती, हे मला स्लाऊला आल्यावर कळलं.

साठ सालानंतर लवकरच आम्ही इंग्लंडला आलो. दोन-तीन हॉस्पिटलं फिरून झाल्यावर ह्यांना स्लाऊला पक्की नोकरी लागली आणि राहायला एक जोडघर मिळालं. मागे हातभर बाग, पुढे बसस्टॉप, आणि वारा ट्रेडिंग इस्टेटमधल्या चॉकलेटच्या कारखान्याकडून आला की सगळ्या गल्लीला चॉकलेटचा वास. घर चांगलं होतं, माणूसही चांगला होता. वाकडं काय ते फक्त जेवायला बसल्यावर व्हायचं.

ह्यांच्या घरचं एक वळण होतं. पानात जे वाढलंय त्याबद्दल बोलायचं नाही. अन्नाला नावं ठेवू नयेत हे सगळ्याच घरांत शिकवतात. पण ह्यांच्याकडे कौतुकही करायचं नाही. पानातल्या पदार्थाची वाहवा करत जेवणारा माणूस हावरट, अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत होती. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी मोदक केले, तेव्हा सगळे पुरुष माना खाली घालून जेवले आणि हात धुऊन उठून गेले. मी स्वयंपाकघरात डोळ्याला पदर लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मागून मागून घेतले ना? मग आणखी काय हवंय तुला?"

मला हवं होतं ना! माझं माहेर वेंगुर्ल्याचं. माझे वडील पहिला घास घेतला की "वा!" म्हणायचे आणि मगच दुसरा घ्यायचे. आईने नुसती पेज केली तरी "वा!" ते ऐकत मी वाढले. नवऱ्याने माझ्या हातचं खाताना, माझ्या तोंडाकडे बघून, "छान झालंय" एवढं म्हणावं, यापलीकडे मला त्या माणसाकडून काही नको होतं. दागिने नकोत, साड्या नकोत, फक्त ते दोन शब्द.

बरं, बोलायचं नाही तर मुकाट्याने जेवावं की! पण कसलं काय. पानातल्या अन्नावर बोलायचं नाही म्हणून हे पानात नसलेल्या अन्नावर बोलायचे, आणि ते अन्न हमखास पिनांगचं असायचं. मी आमटी-भात वाढावा, की हे सुरू. "पिनांगला सकाळी एक तमिळ मुसलमान खांद्यावर कावड घेऊन यायचा. एका टोपलीत भात, दुसरीत रस्से. मटणाचा, माशाच्या गाबोळीचा, भेंडीचा. सगळे एकावर एक ओतायचा, भात बुडेपर्यंत. तिकडे त्याला पूर म्हणतात."

"अहो, आमटी गार होतेय."

"हं. आणि त्याला बोलायला वेळ नाही, इतकी गर्दी."

पूर म्हणे! आणि मग आमटी, कालचा उरलेला रस्सा आणि कढी एकाच भातावर ओतून हे खुशाल जेवायचे. मी चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, असं निगुतीने वाढलेलं पान, आणि त्याचा हा चिखल. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हळूहळू मला ते शहर न बघता पाठ झालं. एका गल्लीत देऊळ, मशीद आणि चिन्यांचं मंदिर, आणि तिन्हींच्या मधल्या फुटपाथवर चुली. कोळशावर परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया आणि त्यात शिंपल्या. हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि गूळ घातलेला बर्फ, त्याचं नाव चेंडोल. कुठली गाडी कुठल्या झाडाखाली, हेसुद्धा मला माहीत होतं. लोकांच्या नवऱ्यांना जुनी प्रेमपात्रं असतात, माझ्या नवऱ्याला जुन्या गाड्या होत्या. एखादी बाई असती तर निदान म्हातारी तरी झाली असती; शहराचं काय वाकडं करणार?

या सगळ्यांत माझा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे एक चिनी म्हातारा. बाजारामागच्या गल्लीत तो लाक्सा विकायचा. लाक्सा म्हणजे माशाचं आंबट-तिखट कालवण, त्यात तांदळाच्या जाड शेवया, आणि वर काकडी, अननस, कांदा, पुदिना. त्याचं नाव निघालं की ह्यांचा आवाज बदलायचा. नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीवर लागायची, हातातला घास हातातच. "त्याच्या हातात काहीतरी होतं बघ," असं म्हणायचे. माझ्या हातात पळी असायची, आणि ती कुठे मारावी हे मला चांगलं माहीत होतं.

हे कमी होतं म्हणून की काय, सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला ह्यांच्या वॉर्डात एक पिनांगची मुलगी नर्सिंग शिकायला आली. चिनी वंशाची, गोल चेहऱ्याची, चुणचुणीत. एका संध्याकाळी हे तिला घरीच घेऊन आले. "अगं, ही त्याच गल्लीत वाढली!" म्हणाले. इतका आनंद मी आमची मुलगी झाल्यावरसुद्धा त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. आणि ती मला पहिल्या भेटीत काय म्हणाली? आंटी! तिच्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी मी. तिच्याकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात, हे नंतर कळलं. पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

मग दर रविवारी ती जेवायला. मी पोळ्या लाटतेय, आणि दोघं टेबलाशी बसून गल्ल्या फिरतायत. कोपऱ्यावरचा सुक्या माशाचा भात अजून आहे का? आहे, पण आता त्याचा जावई बसतो. आणि चेंडोलवाला? त्याचं दोन भावांत भांडण झालं, आता समोरासमोर दोन गाड्या. ह्यांना हळहळ वाटली, अहो खरोखरची! माझ्या सख्ख्या काकांची वाटणी झाली तेव्हा "असं का" म्हणून पेपर उघडला होता. मत्सर म्हणतात तो हाच, हे मला तेव्हा पुरतं कळलं. तव्यावरची पोळी करपायची.

ती मुलगी मात्र माझ्या जेवणाचं तोंड भरून कौतुक करायची. "आंटी, सो नाइस! आंटी, एक घास आणखी!" तिने म्हणून काय उपयोग? ज्याने म्हणायचं तो बाजूला बसून तिला विचारत असायचा, म्हातारा अजून बसतो का?

"बसतो ना," ती म्हणाली. "म्हातारा झालाय, पण कोणाला पळीला हात लावू देत नाही."

त्या रात्री मी ठरवलं. एवढं काय मेलं त्या लाक्सात? मासे, आंबट, तिखट. आणि मी कुठली? वेंगुर्ल्याची. बांगडा काय मला चिन्याने शिकवायचा?

पुढच्या रविवारी त्या मुलीला स्वयंपाकघरात उभी करून सगळं काढून घेतलं. हाय स्ट्रीटवरच्या मासेवाल्याकडे मॅकरेल मिळायचा, तो आमच्या बांगड्याचाच भाऊ. उकडून त्याचे काटे काढले. आंबटाला तिकडे कसल्याशा फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात, म्हणाली. मी आईने पाठवलेल्या आमसुलांची बरणी उघडली, तर तिने एक तोंडात टाकलं आणि डोळेच विस्फारले. "आंटी, हे तर त्याचंच भावंड!" आल्याच्या फुलाची कळी लागते, ती स्लाऊला कुठून आणू? मी तिरफळं ठेचून घातली. कोळंबीच्या कुजवलेल्या वडीऐवजी आपला सुका जवळा भाजला. तो भाजताना शेजारची गोरी बाई दार वाजवून अगदी नम्रपणे विचारून गेली, तुमच्याकडे ड्रेन्सचा काही प्रॉब्लेम झालाय का? मी म्हटलं, "नो नो, लंच!" तांदळाच्या जाड शेवया नव्हत्या, म्हणून स्पगेटी. अननस डब्यातला, पुदिना मागच्या बागेतला.

हे ड्यूटीवरून आले. दार उघडल्याचा आवाज आला, पण माणूस काही आत येईना. ही त्यांची जुनी खोड. पॅसेजमध्ये कोट न काढता उभे राहायचे, दार अर्धवट उघडं, आणि सगळी थंडी घरात. मी नेहमीसारखी ओरडले, "अहो, दार लावा आधी! हीटरचा गॅस काय फुकट येतो?" मग आले.

मी वाडगा पुढे ठेवला आणि समोरच बसले. ती मुलगी पहिल्या घासाला रडायलाच लागली. आईची आठवण आली म्हणाली. हे मान खाली घालून खात होते. वाडगा संपला, दुसरा घेतला, तोही संपला. तिसरा पुढे केला. मी श्वास धरून बसले होते. आता म्हणतील. आता तरी म्हणतील. ह्यांनी तोंड पुसलं, नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली आणि म्हणाले, "तो म्हातारा यावर एक काळा, गोडसर रस घालायचा बघ, कोळंबीचा."

मी पळी सिंकमध्ये अशी आपटली की बशीचा टवका उडाला. "मग त्याच्याशीच का नाही केलंत लग्न?" म्हटलं. ती मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. हे शांतपणे म्हणाले, "अगं, पानातल्या अन्नाबद्दल बोलत नाही आमच्याकडे. माहीत आहे ना तुला?"

तरी त्यानंतर दर थंडीत मी ते कालवण करत राहिले. वर्षानुवर्षं. का? त्या म्हाताऱ्याला हरवायचं होतं म्हणून. मला दुसरं काही कारण आठवत नाही.

ती नर्स शिकून, नोकरी करून पिनांगला परत गेली. खाणकामगारांच्या संपामुळे संध्याकाळी वीज जायची तो हिवाळा मेणबत्त्यांवर काढला, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत मी स्वतःच म्हटलं, चला पिनांगला.  मला त्या सवतीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आणि खरं सांगते, तो म्हातारा एव्हाना गचकला असेल, अशी मला मनातून फार आशा होती. आमच्या मुलीला वेंगुर्ल्याला माझ्या आईकडे ठेवलं आणि आम्ही दोघं मुंबईहून निघालो. परतीच्या वाटेवर तिला घेऊन सोमवारी स्लाऊला पोचायचं होतं.

काय सांगू, मेलं सगळं खरं निघालं. मी चुका काढायला गेले होते, एक सापडेल तर शपथ. देऊळ, मशीद, चिन्यांचं मंदिर, सगळं एका गल्लीत. सकाळी कावडवाल्याच्या पुराचा भात खाल्ला. बोटं चाटताना मी स्वतःला पकडलं आणि हात पुसून टाकला. कोळशावर परतलेल्या शेवयांना जो धुराचा वास होता, तो माझ्या गॅसवर सात जन्मांत आला नसता. भांडलेल्या दोन भावांच्या गाड्यांवर दोन्हीकडे चेंडोल खाल्लं, दोन्हीकडचं छान. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी चिनी, सगळे एकाच बाकावर मांडीला मांडी लावून खातायत आणि एकमेकांच्या ताटल्यांत डोकावतायत. हे पुढे पुढे, घामाने शर्ट भिजलेला, चाल विशीतल्या पोरासारखी. मी मागून पदर सावरत. माझ्याशी लग्न होण्याआधीचा हा माणूस मला कधी बघायला मिळाला नव्हता. तो या शहराने बघितला होता. त्याचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, "तिखट लागलं का?"

शेवटच्या दुपारी ती नर्स आणि तिची आई आम्हाला म्हाताऱ्याकडे घेऊन गेल्या. म्हातारा जिवंत होता! सगळे केस पांढरे, पण ताठ बसलेला, पळी स्वतःच्याच हातात. एकच गोष्ट बरी झाली, त्याने ह्यांना ओळखलं नाही. नर्सने समजावून सांगितलं, हे पूर्वी रोज यायचे म्हणून. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा वाडगा भरला. मला इतका आनंद झाला की हसू दाबायला पदर तोंडावर धरावा लागला.

बुटक्या स्टुलांवर बसलो. वाडगे आले. मी घास घेतला, आणि माझं हसू गेलं. खोटं कशाला बोलू? चव फार फार चांगली होती. माझ्या स्पगेटीची, माझ्या डब्यातल्या अननसाची मला लाज वाटली. हरले मी, सरळ हरले. एवढी वर्षं मी कोणाशी लढत होते?

हे मान खाली घालून खात होते. नर्सच्या आईने काहीतरी विचारलं. नर्स म्हणाली, "आई विचारतेय, कसं आहे? पूर्वीसारखंच आहे का?"

ह्यांनी चमचा खाली ठेवला. मी वाडग्यात बघत बसले. आता ऐकायचं, म्हटलं, सवतीचं कौतुक, तिच्याच दारात बसून.

"स्लाऊला," हे म्हणाले, "हिवाळ्यात आमच्या घरी एक कालवण होतं."

मी मान वर केली. ह्यांची नजर म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीवर लागली होती. ती नजर मी बारा गावांत ओळखली असती.

"मॅकरेलचं," हे सांगत होते. "काटे ती स्वतः काढते, मला हात लावू देत नाही. तिच्या माहेरचं एक आंबट सुकं फळ असतं, ते घालते. खिडकीवर इतकी वाफ धरते की बाहेरचं दिसत नाही. तळहातावर थेंब घेऊन, एक डोळा मिटून चव बघते आणि मग मीठ घालते. मी ड्यूटीवरून येतो ना, तर वास पॅसेजपर्यंत आलेला असतो. मी कोटसुद्धा काढत नाही, तसाच उभा राहतो. आत गेलो की खाऊन संपणार. तेवढा वेळ उभं राहावंसं वाटतं." आणि मग म्हणाले, "तशी चव मला कुठेच मिळालेली नाही."

नर्स एकेक वाक्य चिनीत सांगत होती. तिच्या आईने विचारलं, कोण करतं? नर्सने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आजूबाजूची गिऱ्हाइकंसुद्धा.

आनंद व्हायला हवा होता, नाही? लग्न झाल्यापासून ज्या दोन शब्दांसाठी मी जीव टाकत होते, त्यांच्या जागी हे एवढं मोठं भाषण. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो पॅसेजमध्ये उभा राहणारा माणूस, तो वास, ती खिडकीवरची वाफ, सगळं त्या स्लाऊच्या बाईचं! मी इथे घामाने निथळत, मांडीला मांडी लावून शेजारी बसलेली, आणि ह्यांचे डोळे तिच्याकडे. मी मराठीतच म्हटलं, "अहो, एवढं आहे तर तिच्याच हातचं जाऊन खा ना!"

"कोणाच्या?" हे दचकले.

"त्या स्लाऊच्या बाईच्या!"

ह्यांनी वाडग्यातलं उरलेलं कालवण पिऊन टाकलं. मग म्हणाले, "अगं, खाणारच आहे. सोमवारी पोचतोय ना आपण." आणि वाडगा म्हाताऱ्यापुढे केला, आणखी हवं म्हणून.

स्लाऊला पोचलो तेव्हा पाऊस होता आणि वाऱ्यावर चॉकलेटचा वास. मंगळवारी मी मॅकरेल आणला, आमसुलं भिजत घातली, जवळा भाजला. संध्याकाळी कालवणाला उकळी आली, तळहातावर थेंब घेऊन चव बघितली आणि मीठ घातलं. एवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. पायांचा नाही, हँगरचा नाही. गार वारा माझ्या पायांपर्यंत आला. "अहो, दार लावा" हे जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं आणि पळी हातात धरून, हालचाल न करता उभी राहिले. हे आत येऊन बसले की पिनांग सुरू होणार होतं. तोवर राहू देत उभे, म्हटलं. थंडी आली तर आली.